नऊ तासांचा व्हिडिओ, सात वह्या

आमच्या शेजारच्या शेवंतावहिनींनी मधमाशीपालनाचा नऊ तासांचा व्हिडिओ शब्द न् शब्द उतरवला; सात वह्या भरल्या. त्यांचे यजमान बाळकोबा बाजूला डुलक्या काढत आणि जाग आली की चिठ्ठीवर एक ओळ खरडत.

आठवड्यानं पेटीतल्या माश्या उठल्या आणि फणसाला लोंबल्या. तिथून उडाल्या तर वर्षाचा मध गेला.

"अहो, थांबा, वहीत बघते!"

"बघ. तोवर त्या कर्नाटकात पोचतील."

बाळकोबांनी चिठ्ठी वाचली: 'राणीमाशी आत, तर सगळ्या आत.' झाडावर चढून त्यांनी राणी धरली, पेटीत आणून सोडली. वीस हजार माश्या रांगेनं मागोमाग आत शिरल्या. मी स्वतः मोजल्या.

सुजलेलं नाक चोळत बाळकोबा ओट्यावर टेकले, तेव्हा वहिनींना पाचव्या वहीत ते पान मिळालं.

"अहो, सापडलं! आधी घाबरायचं नाही, असं लिहिलंय."