आपलं खाजण

कळव्याच्या खाडीत निशिगंधा सुट्टीच्या दिवशी लोकांना कयाकमधून फिरवते. गेल्या रविवारी धाकटा भाऊ विकी म्हणाला, “ताई, माझे चार दोस्त येतायत. आपलं खाजण नीट दाखव त्यांना.”

भावाने पहिल्यांदाच तिच्या कामात रस घेतला होता. लाइफ जॅकेटं चढवून ती त्यांना तिवरांतून आत घेऊन गेली, खाजणाच्या जमिनीला बाबांनी घातलेला बांध दाखवला, उधाणाचं पाणी कुठवर चढतं तेही हौसेने सांगितलं.

काठावर उतरताना त्यातला वयस्कर माणूस खुशीत म्हणाला, “किती मातीची भरणी लागेल त्याचा अंदाज आला, मॅडम. जमीन घ्यायला आता अडचण नाही. विकीशेटच्या बहिणीनेही हक्कसोडपत्रावर सही केलीय.”



विकीला बहीण एकच होती, आणि तिने सही कुठेच केलेली नव्हती.