चौथ्या मजल्याच्या खिडक्या

किल्ला म्हणजे राज्याचा कणा, त्याच्या चित्रात केसाइतकी चूक म्हणजे राजद्रोह, असं कुराहाशीसाहेब म्हणाले. छपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्या तोमेझोने जमिनीला कपाळ टेकलं. वीस दिवसांत त्याने ते चौथ्यांदा टेकलं होतं.

चित्र साधंच. पुढे हिरायामाचा किल्ला, मागे बर्फाचा डोंगर. तोमेझोने चेरीच्या फळीवर ते केव्हाच कोरलं होतं. पण हिरायामाच्या सरदाराच्या, राजधानी एदोतल्या हवेलीतून होकार आल्याशिवाय छपाई नाही, आणि होकार देणार कुराहाशी, किल्ल्याच्या मनोऱ्याचे पिढीजात खिडकीदार, म्हणजे तिथल्या खिडक्यांची देखरेख करणारे.

साहेबांनी रेशमी फडक्यातून कडा करपलेली जुनी वही काढली आणि नमुन्याचा छाप शेजारी धरला.

"चौथ्या मजल्यावर खिडक्या सात. तुझ्या सहा."

"मागच्या खेपेला आपणच सहा म्हणालात, साहेब."

"ते पाचव्या मजल्याचं."

कोरलेलं लाकूड परत येत नाही. तोमेझोने तेवढा तुकडा खणून काढला, नवं लाकूड ठोकून बसवलं आणि पुन्हा कोरलं. फळीत आता फळी कमी आणि ठिगळंच जास्त होती.

प्रकाशक मानपेई रोज दारात येऊन उभा राहायचा. "काका, खरा किल्ला बांधायलाही एवढे दिवस लागले नसतील! नववर्षाला चित्र दुकानात लागलं नाही, तर पुढची नऊ चित्रं कोरायला त्या तरण्या बुनशिचीकडे जातील. मग मला बोल लावू नका."

साठी उलटलेल्या, दोन चष्मे एकावर एक लावणाऱ्या कारागिराला दुसरं काम कोण देणार? तोमेझोने नवा छाप काढला आणि पाचव्यांदा हवेली गाठली.

साहेबांनी वही उघडून छाप शेजारी धरला. "हं. डोंगराकडची खिडकी अर्धवट उघडी असते."

तोमेझोने या वेळी कपाळ टेकलं नाही.

"साहेब, फळी संपली, डोळेही संपत आले. आता एकच करतो. उद्या सकाळी हिरायामाला निघतो. सहा दिवसांची तर वाट. मनोऱ्यासमोर मांडी ठोकून बसतो, एकेक खिडकी स्वतः मोजतो, मगच पटाशीला हात लावतो."

कुराहाशींनी चहाचा पेला खाली ठेवला. शिक्का काढला, शाईत बुडवला आणि छापावर उमटवला.

"कशाला उगाच तंगडतोड करतोस?" ते वही गुंडाळत म्हणाले. "वीज पडून मनोरा जळाला, त्याला येत्या श्रावणात एकसष्ट वर्षं होतील."