दहा मोजेपर्यंत

माझ्या शर्वाणीला रक्ताचा कर्करोग झाला आणि आमच्या नात्यात एकाएकी तज्ज्ञ वाढले. कोणी गव्हांकुरांचा रस सांगितला, कोणी पपईच्या पानांचा. केमो तेवढी कोणालाच सुचली नाही.

काल चुलतसासूबाई धीर द्यायला वॉर्डात आल्या. लेकीचं तुळतुळीत डोकं पाहून त्याच हुंदके देऊ लागल्या. मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले. परत आले, तर पडद्याआड सात वर्षांची शर्वाणी त्यांना समजावत होती.

"आजी, रडू नका. दहा मोजेपर्यंत सुई निघते, असं आई सांगते." मग तिचा आवाज खाली आला. "खरं तर पन्नास होतात. पण आईला सांगू नका, ती घाबरते."

आणलेलं पाणी मी बाहेरच उभी राहून प्यायले.