लई पानी

पुंजाराम आबांनी तिसरा तांब्या पायांवर ओतला, तेव्हा कानिफनाथनं पाण्याच्या जारमध्ये वाकून बघितलं.

पाहुणे राहात्याकडचे. पाटाच्या पाण्यावर वाढलेले पाय, ते काय तांब्याभर पाण्यात भिजतात होय! आबांचे झाले, मग भागवतमामांचे झाले. जामखेडच्या त्या कोरड्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली उभ्या असलेल्या व्हॅनच्या दारात चक्क चिखल झाला. एक कुत्रं लांबून पळत आलं आणि त्यात बसलं. जारमध्ये तांब्याभर पाणी उरलं, आणि ते चहाचं होतं.

कानिफ पवनचक्क्या दुरुस्त करायचा. आज हा माळ, उद्या तो. म्हणून व्हॅन हेच घर. मागं गादी, गॅसची शेगडी, फळीवर देव. मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला यायची रीत, त्याप्रमाणं आज मुलीचे वडील आणि मामा आलेले. मुलीनं सोबत यायची रीत नाही. पण घराला चाकं आहेत म्हटल्यावर पंकजा ऐकायलाच तयार नव्हती.

"घर फिरतं असंना का," आबा गादीवर मांडी ठोकून म्हणाले, "पर पानी पायजे. बिनपान्याच्या घरात मी पोरगी देनार न्हाई."

"पानी हाय की," कानिफ म्हणाला. चिखलातल्या कुत्र्याकडं बघून म्हणाला, त्यामुळं आवाजात खात्री आली.

घासायला भांडंच पडू नये म्हणून त्यानं कागदावर चिवडा द्यायचा बेत केला होता. पण रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मामा डबा घेऊन आलेले. पुरणपोळ्या, तवंगवाली आमटी आणि वर वाढायला किटलीभर तूप. चार ताटं, चार वाट्या आणि तो डबा असे माखले की धरले तरी हातातून निसटत होते.

"खरकटं ठेवून च्या प्यायचा न्हाई आपल्यात," मामा ढेकर देत म्हणाले.

कानिफ भांडी उचलून व्हॅनच्या मागं गेला. रद्दी काढली, माळावरची बारीक माती घेतली आणि बसला पुसत. मातीनं तूप धरलं, कागदानं माती धरली. काम झकास चाललं होतं.

"पावनं, धुताय ना?" आतून आबा. "पान्याचा आवाज येईना."

कानिफनं खिशातून मोबाईल काढला, चाकाला टेकवून उभा केला आणि गेल्या श्रावणात रंधा धबधब्यावर काढलेला व्हिडिओ लावला. धो धो पाणी सुटलं.

"नळ जोरात हाय," मामा म्हणाले.

तेवढ्यात व्हिडिओतला मित्र बोंबलला, "आयला, लई पानी!"

"कोन वरडतंय?"

"शेजारचा हाय, मामा. पानी न्यायला आलाय."

"आबा, गडी गावाला पानी पाजतोय की!"

व्हिडिओ संपला. पाणी टप्पकन थांबलं. कानिफनं मातकट बोटानं पुन्हा लावला.

"आयला, लई पानी!"

"परत आला का त्यो?"

"दुसरी कळशी, मामा."

वाट्या चकाकल्या. डब्याच्या कडेला अजून तूप होतं. व्हिडिओ तिसऱ्यांदा लावावा लागला.

"आयला, लई पानी!"

मग मामा म्हणाले, "ह्यो मानूस दर खेपेला नव्यानं चकित हुतो व्हय?"

"साधा मानूस हाय," कानिफ म्हणाला.

"पंके," आबांचा आवाज आला, "जा, बघून ये बरं किती पानी हाय ते."

कानिफ जागचा हलला नाही. हलून करतो काय, माळावर लपायला झाडसुद्धा नव्हतं. पंकजा चपला फटफटवत मागं आली आणि थांबली. चाकाला टेकलेला धबधबा बघितला. त्याच्यापुढं कोरडीठाक जमीन बघितली. लखलखीत ताटं बघितली. शेवटी कानिफकडं बघितलं. त्याच्या नाकाला तूप आणि माती दोन्ही लागली होती.

"पंके! हाय का पानी?"

पंकजानं एक ताट उचललं, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि ओढणी सारखी केली.

"हाय आबा! लई हाय!" ती ओरडली.

मग खाली बसली, रद्दीतला एक कागद ओढला, डबा मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाली,

"आवाज वाढवा जरा. आबांना पाटाची सवय हाय. आन् त्या मानसाला आता घरी लावून द्या, त्याच्या कळश्या सपल्या असतील."