झाकण उघडू नकोस

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांनी अन्नाला जेमतेम बोट लावलं होतं. म्हणून सुनेनं त्यांच्या आवडीचा पीचचा कॉब्लर, हा फळांचा गोड पदार्थ, करायला घेतला. तासन्तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या स्लो कुकरमध्ये तळाला फळं नि साखर, वर लोणी घातलेलं सैलसर पीठ. देवाला हात जोडून तिनं झाकण ठेवलं. पण कुकर बंद कधी करायचा ते सासूबाई घड्याळावर नाही, वासावर ठरवायच्या, आणि सुनेचं नाक सर्दीनं चोंदलेलं.

मोठी नणंद मघाशी आतल्या खोलीत सासऱ्यांपाशी बसली होती. आवाज अगदी आईवर गेलेला.

"वन्सं, वास आला का हो?"

"अजून पिठाचाच येतोय. झाकण उघडू नकोस, वाफ जाते."

तासाभरानं तिनं पुन्हा विचारलं.

"थांब गं जरा! तुला मेली घाईच फार."

शेवटी आतूनच हाक आली. "कर बंद! कडेला लागेल नाहीतर."

कॉब्लर असा जमला की नाव ठेवायला जागा नाही. सासरे आपण होऊन टेबलाशी आले, वाटी चाटूनपुसून संपवली नि पुन्हा पुढे केली. सुनेचे डोळे भरून आले.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. नणंद औषधांची पिशवी घेऊन धापा टाकत आत आली. "काय गं ती गर्दी! एका औषधासाठी गावभर दुकानं पालथी घातली. तू झाकण ठेवत होतीस तेव्हाच निघाले. बाबा झोपलेले, म्हणून हाक नाही मारली."

सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला. "बाबा, मग आत कोण..."

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. चार तास बसून होती बिचारी. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."