धरणावरची दुसरी सही

इसाबेल गिलमोर बाजारातून आली आणि तिने रिकामी टोपली टेबलावर आदळली.

"खाटीक म्हणाला, इंजिनिअरच्या घरासाठी मटण नाही. कुत्र्यासाठी हाडं आहेत, हवी तर ने. दुकानात दहा बायका होत्या. सगळ्या हसल्या."

"आपल्याकडे कुत्रा कुठं आहे?" तिचा नवरा लॅक्लन म्हणाला.

"तेच सांगतेय मी! तुला कळत कसं नाही?"

त्याला कळत होतं. बावीस वर्षांपूर्वी साखळी आणि दुर्बीण घेऊन तो डोंगराकडून हॅरोफोर्डला उतरला, तेव्हा इथं चार तंबू आणि एक दलदल होती. न्यूझीलंडच्या या टोकाला दुसरा मोजणीदार नव्हता. त्याने दलदल मोजली, रस्ते आखले. पुढं नगरपालिका झाली आणि तिचा इंजिनिअरही तोच झाला. मग त्याने बांधलेला पूल पुरात वाहून गेला. चर्चमागचं गटार पावसात उलटं वाहायला लागलं. आणि आता गावाच्या डोक्यावर, टेकड्यांच्या बेचक्यात, त्याचं धरण उभं होतं. सोमवारी त्यात पाणी अडवायचं होतं. खालच्या वस्तीत कुणाला धड झोप लागत नव्हती.

लाकडाचा व्यापारी थ्रप नगरसेवक होता. गिलमोर इंजिनिअरच नाही, असं तो गावभर सांगत सुटला होता. ग्लासगोच्या कॉलेजचा पदवीचा कागद भिंतीवर टांगलाय खरा, पण असले कागद बोटीवर पत्त्यांत जिंकता येतात, असं त्याचं म्हणणं. आज दुपारच्या सभेला त्याने शेजारच्या प्रांताचा सरकारी इंजिनिअर डंकन फार्कर याला बोलावलं होतं. फार्कर त्याच कॉलेजात, त्याच वर्षी शिकला होता.

"मग घाबरायचं कशाला?" इसाबेल म्हणाली. "तो तुला ओळखेलच की."

गिलमोरने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. "पंचवीस वर्षं झाली, इसाबेल. माणसं बदलतात."

सभागृहाच्या पायरीवर कुणीतरी त्याच्या कोटावर चिखलाचा गोळा मारला. चिखल न पुसताच नवरा-बायको आत गेले. अख्खं गाव जमलं होतं.

"या, गिलमोरसाहेब," थ्रप म्हणाला. "पुलावरून आलात की पोहत?"

हशा उसळला. नगराध्यक्ष पेनफोल्डने टेबल वाजवलं. "मुद्द्याचं बोला, थ्रप."

"मुद्दा हा, की माझी पोरगी त्या धरणाखाली राहते. चार लेकरं आहेत तिला. सामान बांधून बसलीय कालपासून." थ्रपचा आवाज फाटला. "आणि हा! हमालासारखा बोलतो, हमालासारखा जेवतो. कॉलेज बाहेरून तरी बघितलंय का याने? सांग ना रे, कोण होते तुझे मास्तर?"

"धरण बघा माझं. मास्तर कशाला हवेत?"

"गटार बघितलंय की!" मागून एक बाई ओरडली.

तेवढ्यात दार उघडलं. पांढऱ्या दाढीचा एक उंच माणूस आत आला, प्रवासाने धुळकटलेला.

थ्रपने बोट रोखलं. "फार्करसाहेब, या माणसाला ओळखता?"

फार्कर दारातच थबकला. टोपी काढायला त्याला जरा वेळच लागला. गिलमोर उठला. त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"लॅक्लन!" फार्कर ओरडला आणि लांब ढांगा टाकत पुढं आला. "अरे, म्हातारा झालास की रे! ओळखता काय, थ्रपसाहेब? दोन वर्षं एका खोलीत काढलीत आम्ही. गणितात हा पहिला. मी याच्याच वह्या उतरवायचो."

"डंकन," गिलमोर कसाबसा म्हणाला. "तुझी ही दाढी..."

बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

थ्रप खाली बसला. मग तो उठला, टोपी दोन्ही हातांत धरून. "चुकलं माझं, गिलमोर. सगळ्यांदेखत बोललो, सगळ्यांदेखत माफी मागतो."

पेनफोल्डने मंजुरीचा कागद पुढं सरकवला. पाणी अडवण्याआधी दोन इंजिनिअरांच्या सह्या लागत. गिलमोरची झालेली होती.

"नकाशे आणू का, फार्करसाहेब? धरणावर जाऊन यायचं?"

"लॅक्लनचं काम मी तपासू?" फार्कर हसला आणि त्याने सही ठोकली.

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. खाटकाने गर्दीतून वाट काढून इसाबेलला मटणाची मांडी कबूल केली. थ्रप घाईने दाराकडे निघाला. "पोरीला सांगतो, सामान सोड म्हणावं."

फार्करला संध्याकाळच्या आत परत निघायचं होतं. गावाने त्याला घोडागाडीपर्यंत वाजतगाजत पोचवलं. चढण्यापूर्वी त्याने मित्राला कडकडून मिठी मारली आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तुझं खरं नाव मला सांगू नकोस," तो पुटपुटला, "आणि माझंही विचारू नकोस."