दहा वर्षांनी उघडायची बाटली

भाऊंच्या वाइनच्या दुकानात गिऱ्हाइकाची घाई चालत नसे. पारखून आणलेली बाटली कुणी मुदतीआधी उघडली, की पोटच्या पोरावर कुणी हात उगारावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. डॉक्टर मात्र त्यांचं लाडकं गिऱ्हाईक. भाऊ म्हणतील तीच वाइन घ्यायची आणि भाऊ म्हणतील तेव्हाच उघडायची. "दवाखान्यात मी तुमचं ऐकतो, इथे तुम्ही माझं ऐकायचं," असा दोघांचा जुना करार होता.

त्या संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा भाऊंनी त्यांच्यासाठी बाजूला काढलेली बाटली फडक्याने पुसून काउंटरवर ठेवली. "घ्या. एका छोट्या मळेवाल्याकडची आहे, हातापाया पडून मिळवलीय. पण आत्ता नुसती तुरट लागेल. दहा वर्षं आडवी ठेवायची, हात लावायचा नाही. मग आपण दोघं मिळून उघडू." बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "आणि हो, त्या तपासणीचं काय निघालं? बायकोने डोकं खाल्लंय नुसतं. साधा खोकला आहे, पण तिला कोण समजावणार?"

डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. लेबल वाचून झालं तरी त्यांनी मान वर केली नाही. मग दाराशी जाऊन त्यांनी दारावरची पाटी 'बंद'कडे फिरवली आणि स्टूल ओढून भाऊंच्या समोर बसले.

 

"भाऊ, दोन ग्लास काढा. आजच उघडू."